मनगटापासून मणक्यापर्यंत: उतारवयातील ठिसूळ हाडांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ७३ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि त्यांचा उल्लेख येथे ‘आजी’ असाच केला आहे. त्या पतीसह राहत, स्वतःची सर्व कामे स्वतः करत आणि दवाखान्यात आल्या तरी आपल्यापेक्षा पतीच्या तब्येतीविषयीच अधिक बोलत.

त्यांना सुमारे १५ वर्षांपासून दम्याचा त्रास होता. धाप फार वाढली की जवळच्या डॉक्टरांकडून काही दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या मिळत, आणि असे वर्षातून तीन-चार वेळा होई. त्याखेरीज रक्तदाबाची गोळी, कित्येक वर्षे रोज सकाळी घेतली जाणारी पित्ताची गोळी आणि रात्री झोपेची गोळी एवढी औषधे चालू होती. ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी सुरू केलेली होती. त्यांची पाळी ४४व्या वर्षी गेली होती. त्यांच्या आईचे खुब्याचे हाड म्हातारपणी मोडले होते आणि ती त्यानंतर उठली नाही, हे त्यांनी सांगितले खरे, पण आम्ही मुद्दाम विचारल्यावर.

या सगळ्यात एक नोंद सर्वांत महत्त्वाची ठरायला हवी होती. वयाच्या ६६व्या वर्षी सपाट फरशीवर पाय घसरून त्या पडल्या, हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर झाले, हाड उत्तम जुळले, बोटांची हालचाल पूर्ववत झाली आणि कागदपत्रांवर तेवढेच लिहिले गेले. उभ्या उंचीवरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडले तर मोडण्याआधीच ते कमकुवत झाले होते असा संशय घ्यायचा असतो. तो त्या वेळी कोणी घेतला नाही.

समस्या

सात वर्षांनी, पाण्याने भरलेली बादली उचलताना त्यांच्या पाठीत एकदम कळ आली. त्या पडल्या नव्हत्या, कोठे आपटल्याही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी पाठीचा समोरून एक्स-रे काढून घेतला, त्यावर ‘वयोमानानुसार झीज’ असा अहवाल आला, आणि मी वेदनाशामक गोळ्या देऊन विश्रांती घ्यायला सांगितले. या निर्णयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दोन आठवड्यांनी मुलगी त्यांना घेऊन आली. वेदना कमी झाल्या नव्हत्या, आजी जवळजवळ पूर्ण वेळ अंथरुणात होत्या आणि कूस बदलतानाही कळवळत होत्या. बोलण्याच्या ओघात मुलगी म्हणाली, “वरच्या फळीवरचा डबा आता आईच्या हाताला लागत नाही.” घरच्यांनी याचे कारण आखडलेला खांदा असे ठरवले होते. खांदे तपासले तर ते मोकळे होते. मग भिंतीशी उभे करून उंची मोजली, ती १४८ सेंटिमीटर भरली. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती १५५ सेंटिमीटर होती. चार सेंटिमीटरहून अधिक उंची कमी झाली असेल तर मणका दबला असण्याची शक्यता गृहीतच धरावी लागते, आणि येथे तर सात सेंटिमीटर गेले होते.

या वेळी एक्स-रे बाजूने घेतला. छातीच्या भागातील बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला दिसला. हे ताजे फ्रॅक्चर होते. त्याच चित्रात आठवा मणकाही दबलेला होता आणि तो जुना होता. तो केव्हा मोडला हे आजींना सांगता आले नाही. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर अशीच नकळत होतात. पाठ दुखते, माणूस ते वयाच्या खात्यावर टाकतो आणि पाठीला हळूहळू बाक येत जातो.

हाडात नेमके काय घडत होते

कुटुंबाचा पहिला प्रश्न साधा होता: गुडघे तर आधीच झिजले आहेत, मग ही तीच झीज नव्हे का? मराठीत ‘झीज’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बरेच नुकसान होते, असे माझे मत आहे. गुडघ्यात झिजते ती सांध्यावरची गुळगुळीत कूर्चा. तेथे हाड उलट कडांना वाढते. मणक्यात किंवा खुब्यात घडते ते हाडाच्या आतले द्रव्य कमी होणे. पहिली झीज चालताना दुखते. दुसरी मोडेपर्यंत दुखतच नाही, आणि म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

हाड ही जिवंत ऊती आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवून काढतात आणि त्याच जागी ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी नवे हाड घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग या रीतीने दरवर्षी नवा होतो. जुने काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, नवे भरायला मात्र काही महिने लागतात. तारुण्यात दोन्ही कामांचा मेळ बसतो आणि वयाच्या तिशीच्या आसपास हाडांचा साठा सर्वाधिक असतो. त्यानंतर प्रत्येक फेरीत काढलेल्यापेक्षा भरलेले किंचित कमी पडू लागते. एका फेरीतली तूट नगण्य असते, पण अशा असंख्य फेऱ्या दशकानुदशके चालू राहतात.

स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर ही तूट एकदम वाढते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ऑस्टिओक्लास्ट पेशींना आवर घालते. ते कमी झाले की हाड काढणाऱ्या पेशी संख्येने वाढतात आणि अधिक काळ जगतात. रजोनिवृत्तीनंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांचा २० टक्क्यांपर्यंत साठा जाऊ शकतो. आजींची पाळी लवकर गेल्याने ही घसरण लवकर सुरू झाली होती. पुरुषांमध्ये असा अचानक उतार नसतो, पण सत्तरीनंतर त्यांचीही हाडे याच वाटेने जातात आणि त्यांच्याकडे लक्ष आणखी कमी जाते.

हाडाचा बाहेरचा थर घट्ट असतो, तर आतला भाग बारीक जाळीसारखा असतो. जाळीचा पृष्ठभाग मोठा असल्याने पेशींचे कामही तेथे अधिक चालते, आणि म्हणून तूट आधी तेथे दिसते. मनगटाजवळचे हाड आणि मणके यांच्यात जाळीचा भाग मोठा आहे. जाळीतल्या आडव्या काड्या एकदा तुटल्या की उभ्या काड्यांना आधार राहत नाही आणि त्या पुन्हा जोडल्याही जात नाहीत. आधी मनगट, मग मणका, आणि वय आणखी वाढल्यावर खुबा हा क्रम अनेक रुग्णांत का दिसतो, हे यावरून कळते. आजी या क्रमाच्या दुसऱ्या पायरीवर होत्या.

वयाबरोबर आणखी एक गोष्ट घडते. उन्हातून ड जीवनसत्त्व तयार करण्याची त्वचेची क्षमता घटते, मूत्रपिंडात त्याला कार्यक्षम रूप देण्याचे काम मंदावते आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. रक्तातली कॅल्शियमची पातळी मात्र शरीराला कोणत्याही परिस्थितीत टिकवावीच लागते, कारण हृदय आणि स्नायू तिच्यावर चालतात. मग पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक वाढवतात आणि हवे तेवढे कॅल्शियम हाडांतून काढून घेतले जाते. या सर्वांवर स्टेरॉइडची भर पडली होती. स्टेरॉइड हाड भरणाऱ्या पेशींनाच निष्प्रभ करते, आणि त्यामुळे होणारी घट पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते.

निदानातील दोन फसवे आकडे

पहिला आकडा रक्तातल्या कॅल्शियमचा होता. तो पूर्णपणे सामान्य आला आणि मुलीला हायसे वाटले. हाडांतून काढून रक्तातली पातळी राखली जात असेल, तर हा अहवाल सामान्यच येणार, हे तिला समजावून सांगावे लागले. खरी स्थिती इतर आकड्यांत दिसली: ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅम, म्हणजे स्पष्ट कमतरता, आणि पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले.

दुसरा आकडा हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीचा होता. या तपासणीत रुग्णाच्या हाडांची घनता निरोगी तरुणांच्या सरासरीशी ताडून टी-स्कोअर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याहून खालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडे ठिसूळ होण्याचा आजार. आजींच्या कंबरेच्या मणक्यांचा आकडा उणे १.६ आला, म्हणजे केवळ सौम्य घट. मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे खुब्याजवळचा, आकडा मात्र उणे २.९ होता. म्हातारपणी मणक्यांच्या कडांना वाढलेले हाड आणि महाधमनीत साठलेले कॅल्शियम यांच्यामुळे मणक्यांची घनता फसवी जास्त दिसते. अहवालाच्या पहिल्या पानावर मणक्यांचाच आकडा ठळक छापला होता. मी तेवढाच पाहिला असता तर उपचार पुन्हा लांबले असते. शिवाय कमी आघाताने मणका दबला आहे ही एकच गोष्ट निदानाला पुरेशी होती, मग टी-स्कोअर काहीही असो.

मणका दबण्याची इतर कारणे नाहीत ना, हे पाहणे आवश्यक होते. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी रक्तातील प्रथिनांची तपासणी केली, थायरॉइड तपासले, मूत्रपिंडाची क्षमता मोजली. कर्करोगाचा पुरावा नव्हता, थायरॉइड ठीक होते आणि मूत्रपिंडाची क्षमता वयाच्या मानाने थोडी कमी, पण औषधाला पुरेशी होती.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय केवळ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देण्याचा होता आणि घरच्यांची पसंती त्यालाच होती. ही दोन्ही पायाभूत आहेत. पन्नाशीनंतरच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि ते शक्यतो आहारातून मिळावे. पण दोन मणके दबलेल्या रुग्णात तेवढ्याने पुढचे फ्रॅक्चर टळत नाही. वीट पुरवली तरी पाडकाम थांबवावे लागतेच.

दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याविषयी मुलीने वाचले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ही प्रक्रिया नुसत्या देखाव्याच्या प्रक्रियेपेक्षा वेदनेत सरस ठरली नाही. आजींच्या वेदना औषधांनी आटोक्यात येत होत्या, त्यामुळे आम्ही तो मार्ग बाजूला ठेवला.

मग उरली खरी औषधे. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी स्वस्त आणि जुनी आहे, पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास ताठ बसावे किंवा उभे राहावे लागते, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. आजींना आधीच जळजळ होती आणि अर्धा तास ताठ बसणे त्या वेळी अशक्य होते. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिले जाणारे डेनोसुमॅब प्रभावी आहे, मात्र त्याची मात्रा चुकली किंवा ते मध्येच बंद केले तर हाडांची झपाट्याने घट होऊन एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. आजींनी दम्याच्या तपासण्या अनेकदा चुकवल्या होत्या आणि ही गोष्ट मला निर्णायक वाटली. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रजोनिवृत्तीनंतर ऑस्टिओपोरोसिस झालेल्या स्त्रियांमध्ये तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी आढळली होती.

टेरिपॅराटाइड हा शेवटचा पर्याय मला सर्वांत जास्त वेळ विचारात पाडणारा होता. वरील औषधे हाड काढणाऱ्या पेशींना रोखतात, तर हे औषध नवे हाड घालायला लावते. मणके आधीच दबलेल्या स्त्रियांमध्ये अलेंड्रोनेटसारख्याच दुसऱ्या एका गोळीच्या तुलनेत त्याने नवी मणक्यांची फ्रॅक्चर निम्म्याहून कमी होतात, असे २०१८ च्या चाचणीने दाखवले होते. आजींचा धोका पाहता ते आधी देणे शास्त्राला अधिक धरून होते. पण दोन वर्षांपर्यंत रोज स्वतः टोचून घ्यायचे होते. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पतीचे हात थरथरत होते आणि मुलगी दूर राहत होती. मी दोन्ही बाजू मांडल्या. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “रोजचे मला जमणार नाही, आणि जमते असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही.” वर्षातून एकदाचे औषध ठरले.

प्रत्यक्ष कृती

ड जीवनसत्त्वाची कमतरता असताना झोलेड्रॉनिक ॲसिड दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून आधी आठ आठवडे ते जीवनसत्त्व भरून काढले आणि फेरतपासणीनंतरच पुढे गेलो. या काळात एक खराब दाढही काढून घेतली, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड न भरण्याची गुंतागुंत होते. औषध भरपूर पाणी पाजून, सावकाश दिले. नंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी होईल हे आधीच सांगितले होते, त्यामुळे ती आली तेव्हा घरात घबराट झाली नाही.

हाड मोडायला बहुतेक वेळा कमकुवत हाडाबरोबर पडणेही लागते, आणि या दुसऱ्या बाजूवर आम्ही निम्म्याहून अधिक वेळ खर्च केला. झोपेची गोळी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद केली. उभे राहिल्यावर रक्तदाब २४ अंकांनी खाली येतो असे आढळले, तेव्हा रक्तदाबाच्या औषधाची मात्रा आणि वेळ बदलली. दम्यासाठी श्वासावाटे घ्यायचे औषध त्या चुकीच्या पद्धतीने ओढत होत्या. पद्धत सुधारल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्यांची गरज वर्षातून एकदावर आली. पित्ताच्या गोळीची गरज पुन्हा तपासून ती गरजेपुरती ठेवली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रीचा मंद दिवा आणि धरायला दांडी बसली.

व्यायामाबाबत फिजिओथेरपिस्टने एक गोष्ट निक्षून सांगितली: पुढे वाकण्याचे व्यायाम नकोत, कारण त्यात मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो. पाठ मागे ताठ करणारे, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू झाले. आजींना हेच सर्वांत नकोसे होते. पहिले दोन महिने त्यांनी ते केवळ मुलगी फोनवर विचारते म्हणून केले.

परिणाम

पाठीची तीव्र वेदना सुमारे अडीच महिन्यांत ओसरली. अडीच वर्षांनंतर खुब्याच्या हाडाची घनता सुमारे चार टक्क्यांनी वाढली होती, बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये नवा दबलेला मणका नव्हता आणि उंची १४८ सेंटिमीटरवरच होती. या काळात त्या एकदा पडल्या. हाड मोडले नाही.

जे गेले ते परत आले नाही. दबलेले मणके पूर्ववत होत नाहीत, पाठीचा बाक राहिला आणि पोट दाबले गेल्याने एका वेळी थोडेच जेवता येते अशी त्यांची तक्रार आजही आहे. पडण्याची भीतीही कायम आहे. मुलगी सोबत नसेल तर त्या लांब फिरायला जात नाहीत. मधल्या काळात ‘आता बरे वाटते’ म्हणून दुसऱ्या वर्षीची मात्रा पाच महिने लांबली. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात दीर्घकाळ टिकत असल्याने फारसे बिघडले नाही. डेनोसुमॅब असते तर त्या पाच महिन्यांची किंमत फार वेगळी झाली असती, आणि त्या वेळचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी पाठीच्या दुखण्याच्या सात वर्षे आधी, मनगटाचे प्लास्टर कापले त्या दिवशी होती. मनगट मोडलेल्या ६६ वर्षांच्या स्त्रीला घनतेची तपासणी आणि रक्ततपासणी सुचवायला दोन मिनिटे लागली असती. आईचे खुब्याचे फ्रॅक्चर, लवकर गेलेली पाळी, स्टेरॉइड ही माहिती तेव्हाही उपलब्ध होती. हाड जोडणाऱ्याने हाड जोडले, दम्याच्या डॉक्टरांनी दमा सांभाळला, आणि हाड मोडले का हा प्रश्न कोणाच्याच वाट्याला आला नाही. आता आमच्याकडे पन्नाशीपुढच्या प्रत्येक फ्रॅक्चरच्या कागदावर तो प्रश्न छापलेला असतो.

स्टेरॉइडच्या गोळ्यांची बेरीजही कोणी केली नव्हती. प्रत्येक वेळचा कोर्स लहान होता. सगळे मिळून वर्षाला किती होतात हे मोजले असते, तर श्वासावाटे औषध घेण्याची पद्धत कित्येक वर्षांपूर्वीच तपासली गेली असती.

माझी चूक पहिल्या भेटीतली आहे. समोरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये दबलेला मणका सहज निसटतो हे मला माहीत होते, तरीही अहवालातल्या ‘वयोमानानुसार’ या शब्दावर मी थांबलो, उंची मोजली नाही आणि विश्रांतीचा सल्ला मुदत न सांगता दिला. अंथरुणात काढलेल्या त्या दोन आठवड्यांत हाड आणि स्नायू दोन्ही आणखी कमी झाले असणार. उंची मोजायला काहीही खर्च येत नाही. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाची ती आता आम्ही वर्षातून एकदा लिहून ठेवतो.

टेरिपॅराटाइड आधी न दिल्याबद्दल माझे मन अजून पूर्ण स्वस्थ नाही. रोज येऊन इंजेक्शन देऊ शकेल अशा परिचारिकेची शक्यता आम्ही नीट चाचपली नाही. आजींचा नकार प्रामाणिक होता, पण तो त्या घरातल्या परिस्थितीला दिलेला नकार होता, औषधाला नव्हे.

तिसरी मात्रा नुकतीच झाली. या औषधाच्या तीन वर्षांनंतर अनेक रुग्णांत काही काळ थांबता येते, कारण फार दीर्घकाळ वापरल्यास मांडीच्या हाडाला क्वचित वेगळ्या प्रकारचे फ्रॅक्चर होते. आजींच्या खुब्याचा टी-स्कोअर अजून उणे २.७ आहे आणि दोन मणके आधीच दबलेले आहेत, त्यामुळे सध्या थांबायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. मुलगी आता ४८ वर्षांची आहे आणि तिचीही पाळी आईप्रमाणेच ४४व्या वर्षी गेली. तिची डेक्सा तपासणी पुढच्या महिन्यात आहे.